भुशावर वसलेलं गाव : पेश्टिगो, विस्कॉन्सिन

हिमवाट (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात शिकागोच्या १८७१ च्या आगीवरच्या धाग्यात ओलिअरीबाईंची गाय आणि तिने लाथाडलेला कंदील (त्यातूनच ती आग लागली म्हणतात) यावर चाळीसेक प्रतिसाद पडले. (गाय निर्दोष आहे हो. शिकागोच्या नगरपरिषदेने १९९७ साली तसा रीतसर ठरावच केला.) त्यात मी एक ओळ टाकली होती की त्याच रात्री उत्तरेला पेश्टिगो नावाचं लाकूडतोड्यांचं गाव जळालं आणि तिथे शिकागोच्या कितीतरी पट माणसं गेली. तिघाचौघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून हा धागा.

मी विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे शहरात राहतो. पेश्टिगो इथून उत्तरेला गाडीने तासाभराच्या आत. पहिल्यांदा तिथे थांबलो तो इतिहासाच्या ओढीने वगैरे नाही, धाकट्याला 'लागली' म्हणून. बाहेर आलो तर समोर दफनभूमी आणि एक पाटी. विस्कॉन्सिनने राज्यात ऐतिहासिक पाट्या लावायचं ठरवलं तेव्हा पहिली पाटी इथे लागली, १९५१ साली. ओळख न पटलेले सुमारे ३५० लोक एकाच खड्ड्यात पुरलेत, असं त्या जागेबद्दल सांगतात. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. त्याने विचारलं, "यांना नावं का नाहीत?" मी काहीतरी उत्तर दिलं आणि गाडी काढली. घरी येऊन वाचायला लागलो, तो अजून वाचतोच आहे.

आधी गाव. हा मुलूख मेनॉमिनी या मूळनिवासी जमातीचा. १८३६ च्या तहात त्यांच्याकडून सुमारे ४० लाख एकर जमीन सरकारने घेतली आणि उत्तरेच्या पांढऱ्या पाइनची दारं उघडली. नदीकाठी आरागिरणी आली, आणि १८५० च्या दशकात विल्यम ऑग्डेन आला. हा शिकागोचा पहिला महापौर (१८३७), रेल्वेवाला, जमीनवाला. शिकागो फुगत होतं आणि त्याला लाकूड हवं होतं. ऑग्डेनच्या कंपनीने पेश्टिगोला लाकडी भांड्यांचा कारखाना काढला. बादल्या, पिंपं, झाडूचे दांडे, कपडे वाळत घालायचे चिमटे. या प्रकारचा देशातला सगळ्यात मोठा कारखाना अशी त्याची ख्याती होती. दहाएक किलोमीटर खाली, नदी ग्रीन बेच्या आखाताला मिळते तिथे मोठी गिरणी होती. तिथून फळ्या जहाजात भरून थेट शिकागोला.

१८७१ साली गावात दोनेक हजार माणसं. घरं लाकडाची, पदपथ लाकडाचे, पूल लाकडाचा. आणि रस्त्यांवर चिखल होऊ नये म्हणून काय टाकलं होतं? गिरणीचा भुसा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो.

आता कामाची रीत, कारण आगीचं मूळ तिथे आहे. तोड हिवाळ्यात. जमीन गोठली की बैल नाहीतर घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांवरून ओंडके सहज ओढता येतात. ते नदीकाठी रचून ठेवायचे आणि वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की पाण्यात लोटायचे. पांढरा पाइन हलका, मस्त तरंगतो. ओक, मेपल बुडतात, म्हणून ती झाडं रेल्वे येईपर्यंत बचावली. सरळसोट खोड तेवढं न्यायचं. शेंडे, फांद्या, वाकडी झाडं, साल, सगळं जंगलातच टाकून पुढच्या पट्ट्याला भिडायचं. उन्हाळ्यात ते वाळून खडखडीत.

त्यात भर शेतकऱ्यांची. गावाबाहेर 'शुगर बुश' नावाच्या वस्त्यांमध्ये नवे आलेले लोक बुंधे जाळून शेतं काढत होते. आणि रेल्वे : ग्रीन बेकडून उत्तरेला मेनॉमिनी नावाच्या गावापर्यंत लोहमार्ग टाकायचं काम चालू होतं, मजूर झाडी तोडून तिथेच पेटवत पुढे सरकत होते. १८७१ चा उन्हाळा कोरडा गेला. जुलैनंतर सांगण्यासारखा पाऊसच नाही. सप्टेंबरभर जंगलात इथे तिथे आग धुमसत होती, दलदलीतली वाळलेली माती आतून जळत होती. २४ सप्टेंबरच्या रविवारी आग गावाच्या वेशीवर येऊन गेली. लोकांनी बादल्या घेऊन ती थोपवली. तारायंत्राचे खांब जळाले. कंपनीने जागोजागी पाण्याची पिंपं भरून ठेवली. आणि मग सगळे कामाला लागले.

मला या सगळ्यात छळणारी गोष्ट हीच आहे. आग अचानक आली नाही. तीन आठवडे ती शेजारी राहायला आली होती. लोकांना धुराची सवय झाली होती.

८ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळपर्यंत हवा मेल्यासारखी. मग पश्चिमेकडून थंड हवेची लाट आणि सोसाट्याचा वारा आला, आणि इकडे तिकडे विखुरलेल्या त्या आगी एक झाल्या. वाचलेल्यांनी आवाजाचं वर्णन आगगाड्यांची धडधड असं केलंय. तासाभरात गाव संपलं.

त्या रात्रीतून वाचलेल्या फादर पर्निन या पाद्र्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

---

वाचनवेडी

पहिली! वाचतेय. भुशाचे रस्ते वाचून काटा आला. फादरचं लवकर टाका, 'पुढच्या प्रतिसादात' म्हणून गायब होणारे इथे बरेच पाहिलेत.

---

लाकूडतोड्या

शेवटी माझ्या आयडीला न्याय देणारा धागा आला. पाण्यात पडली कुऱ्हाड आणि देवी म्हणाली सोन्याची घे, एवढंच शिकलो होतो.

एक साधा प्रश्न. हे लोक हिवाळाभर त्या जंगलात खायचे काय?

---

मिलवॉकीची_माई

@लाकूडतोड्या, बीन्स. सकाळी बीन्स, दुपारी बीन्स, रात्री बीन्स. शिवाय खारवलेलं डुकराचं मांस, पाव, काकवी, वाळवलेल्या सफरचंदाचा 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), आणि काळा कडक चहा. छावणीत मालकाच्या खालोखाल मान आचाऱ्याचा. आचारी वाईट निघाला तर माणसं छावणी सोडून जायची. आणि जेवताना बोलायचं नाही, हा कडक नियम. पन्नास-साठ दांडगे पुरुष लाकडी बाकांवर बसून मुकाट्याने गिळताहेत, फक्त पत्र्याच्या ताटल्यांचा आवाज. बोलायला लागले की भांडणं होतात आणि वेळ जातो, म्हणून.

हा नियम आमच्या घरी लागू करून पाहिला. दीड दिवस टिकला.

---

खुसपट

लेख छान, पण दोन खुसपटं.

एक : 'कितीतरी पट माणसं' म्हणजे किती? मी १२०० वाचलंय, २५०० पण वाचलंय. निम्म्याने फरक पडणारा आकडा हा आकडा नसतो.

दोन : विस्कॉन्सिन, शिकागो आणि मिशिगनमध्ये हॉलंड, मॅनिस्टी, सगळं एकाच दिवशी पेटतं, हे जरा जास्तच नाही का? धूमकेतूचे तुकडे पडले असा एक सिद्धांत आहे. एकदम उडवून लावू नका.

---

हिमवाट

@खुसपट, आकड्याचं बरोबर धरलंत. त्याचं कारणच सांगण्यासारखं आहे. गावाची सगळी दफ्तरं जळाली. हंगामी मजूर कोण आले, कोण गेले, याची नोंद ज्यांच्या डोक्यात होती तीही माणसं गेली. काही घरांत विचारायलाच कोणी उरलं नाही. १८७३ साली राज्याच्या विधिमंडळापुढे मृतांची यादी गेली, पण तीही अपुरीच. म्हणून १२०० ते २५०० असाच पल्ला द्यावा लागतो. आणि हा फक्त गावाचा नाही, सगळ्या जळित मुलखाचा आकडा आहे. सुमारे १२ लाख एकर. शिकागोत गेले सुमारे ३००. खालचा आकडा धरला तरी चौपट.

धूमकेतूचं : बिएलाचा धूमकेतू. इग्नेशियस डॉनेली नावाच्या माणसाने १८८३ मध्ये ही कल्पना मांडली. हा मिनेसोटाचा राजकारणी, अटलांटिस बुडालं कसं यावरही त्याने लिहिलंय, म्हणजे अंदाज घ्या. आकाशातून पडलेले दगड जमिनीवर येईस्तोवर गार झालेले असतात, त्यांनी रान पेटत नाही. आणि मुख्य म्हणजे गरजच काय? सगळीकडे तोच दुष्काळ, तीच वाळलेली छाटण, आणि एकाच वादळाचा वारा. काडेपेटी सगळ्यांच्या खिशात होती.

---

खुसपट

आकड्याचं पटलं. दगड गार असतात हे माहीत नव्हतं. धूमकेतू मागे घेतो, नाराजीने.

---

बल्लारशाकर

वडील वनखात्यात होते, लहानपण आलापल्लीला गेलं. त्यामुळे हा धागा वाचताना नाकात ओल्या लाकडाचा वास येतोय. आमच्याकडे कूप (तोडीला लावलेला जंगलाचा पट्टा) पडला की ओंडके आगारात यायचे, आणि प्रत्येकावर हातोड्याचा ठसा. हातोड्याच्या तोंडावरच अक्षरं कोरलेली असत. एक दणका, छाप उमटली. ठसा नसलेला ओंडका सापडला की चोरीचा. कमलापूरचे हत्ती लाकूड ओढायचे ते पाहिलेत. (२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान बल्लारशाहूनच गेलं, तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.)

तरंगण्यावरून आठवलं, ओला सागवान पाण्यात बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती सालीचं कडं कापून ते उभंच दोन-तीन वर्षं वाळवायचे आणि मग तोडून नदीत सोडायचे. पाइनवाल्यांना ही कटकटच नव्हती. आज तोडा, दोन महिन्यांनी सोडा. जंगल लवकर संपण्याचं हेही एक कारण असेल.

प्रश्न : एकाच नदीत दहा कंपन्यांचे ओंडके. खाली आल्यावर कोणाचा कुठला कसं कळायचं?

---

हिमवाट

@बल्लारशाकर, तुमच्याच आलापल्लीसारखं! हातोड्याचा ठसा. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, आणि ती सरकारदरबारी नोंदवलेली, गुराच्या डागासारखी. ठसा ओंडक्याच्या दोन्ही टोकांना अनेक जागी मारायचे, कारण ओंडका पाण्यात कसाही फिरला तरी एखादी खूण वर दिसली पाहिजे. शिवाय सालीवर कुऱ्हाडीने वेगळी खूण. नदीच्या तोंडाशी ओंडके साखळीने जोडून तरंगतं कुंपण घालायचे, त्यात सगळा माल अडवून ठशांप्रमाणे वेगळा करायचा. आणि हो, चोर टोकाची चकतीच कापून टाकायचे आणि आपला ठसा मारायचे. माणूस सगळीकडे सारखाच.

नदीतून ओंडके हाकणाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांना खिळे असायचे. हातात लांब दांडा, टोकाला अणकुचीदार लोखंड आणि फिरता आकडा. त्याला 'पीव्ही' म्हणतात. मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही नावाच्या लोहाराने १८५८ च्या सुमारास तो बनवला. बर्फाच्या पाण्यात दिवसभर कमरेपर्यंत भिजून हे लोक फिरत्या ओंडक्यांवर नाचायचे. गुंता झाला, ओंडक्यांची भिंत उभी राहिली, की तिच्यातला नेमका एक ओंडका शोधून सोडवायचा. तो सुटला की भिंत कोसळणार आणि तुम्ही तिच्या पुढ्यात उभे. पोहता येणारे थोडेच.

---

फणसगरा

कोकणातून वाचतोय. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात वणवे लागतात, काजू-आंब्याच्या बागा जातात. दरवेळी कोणीतरी 'गवत पेटवलं तेवढंच, वारा फिरला' असं सांगतो. माझी स्वतःची साठ कलमं गेलीत गेल्या वर्षी. शेजाऱ्याने बांधावरचं गवत जाळलं होतं. तो रोज भेटतो, चहाही पितो माझ्याकडे. काय बोलायचं?

राब भाजताना (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना) आजोबा मात्र आधी चारी बाजूंनी झाडून काढायचे, ओला टाळ हातात घेऊन दोन माणसं उभी, आणि वारा पडल्याशिवाय काडी लावायची नाही. ते ज्ञान गेलं, काडी राहिली.

---

वाचनवेडी

@फणसगरा, वाईट वाटलं वाचून.

@हिमवाट, फादर??

---

हिमवाट

हो हो. घ्या.

फादर पीटर पर्निन, फ्रेंच. पेश्टिगो आणि मॅरिनेट दोन्ही गावांचा पाद्री. त्याने पुढे आपली हकीकत लिहिली, ती १८७४ मध्ये माँट्रियलला छापून आली. डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या हकीकतींमध्ये हिच्याइतकी सविस्तर दुसरी नाही. माणूस देवभोळा आहे, पण तपशिलाला पक्का.

मुळात तो त्या दिवशी गावात असायलाच नको होता. शनिवारी बोटीने दुसऱ्या वस्तीवर जायचं होतं. धक्क्यावर तासन् तास वाट पाहिली, पण धूर इतका की बोट किनाऱ्याला लागलीच नाही. परतला.

रविवारी रात्री वारा उठला तेव्हा तो अंगणात खड्डा खणत होता. पेट्या, पुस्तकं, पूजेची भांडी त्यात पुरली. घोडा सोडून दिला. मग आठवलं, चर्चमधलं ते पवित्र प्रसाद ठेवायचं संदूक. चर्चच्या गिलाव्याचं काम चालू होतं म्हणून ते घरीच आणून ठेवलं होतं. उघडायला गेला तर घाईत किल्ली हातातून पडली. शोधायला वेळ नाही. अख्खं लाकडी संदूक उचललं आणि हातगाडीवर टाकलं. कुत्र्याला हाका मारल्या. तो पलंगाखाली जाऊन बसला होता, आलाच नाही. तिथेच मेला.

मी चार वेळा वाचलंय हे, दरवेळी कुत्र्यापाशी अडखळतो. हजारो माणसं मेली त्या रात्री, आणि मी कुत्र्यापाशी.

बाहेर वाऱ्याने फाटक उडालेलं, हवेत वाळू, राख, ठिणग्या. पुलावर दोन्ही बाजूंनी गर्दी. अलीकडचे पलीकडे धावताहेत, पलीकडचे अलीकडे. दोघांनाही खात्री की समोरचा काठ सुरक्षित आहे. मधोमध गाड्या, गुरं, माणसं अडकून पूल कोंबलेला. पर्निनने धरणाच्या वरच्या अंगाला नदी गाठली. हातगाडी संदुकासकट पाण्यात लोटली. काठावर लोक खिळल्यासारखे उभे होते, डोळे आभाळाकडे, जीभ बाहेर. कोणी पाण्यात उतरायला तयार नाही.  पर्निनने एक शब्द न बोलता जवळच्यांना धरून सरळ पाण्यात ढकललं आणि मागोमाग उडी मारली.

पाण्यात मानेपर्यंत. डोकं वर काढलं की केस पेटणार, म्हणून सतत पाणी मारत राहायचं, ओली कापडं डोक्यावर ओढायची. गुरंही नदीत उतरलेली. एक बाई ओंडक्याला धरून होती. पोहत जाणाऱ्या गाईने ओंडका उलटवला, बाई गडप झाली. लोकांना वाटलं गेली. थोड्या वेळाने ती वर आली, एका हाताने गाईचं शिंग धरलेलं आणि दुसऱ्या हाताने आपल्या डोक्यावर पाणी मारत होती. वाचली. एका बाईने फादरला विचारलं, हा जगाचा अंत आहे का? त्याने सांगितलं, मला तसं वाटत नाही. पण बाकीचे मुलूखही असेच जळत असतील तर मग जवळ आला असेल.

साडेपाच तास ते पाण्यात होते. आणि पाणी ऑक्टोबरचं, गारठवणारं. वर आग, खाली थंडी. आगीतून वाचलेले काही जण थंडीने गेले. पहाटे बाहेर आला तेव्हा फादरचे डोळे इतके सुजले होते की दिसेना. तो तापलेल्या वाळूवर पडून राहिला.

तीन दिवसांनी ते लाकडी संदूक सापडलं. नदीत एका ओंडक्यावर बसलेलं, शाबूत. आता तिथल्या संग्रहालयात आहे. अपेक्षेपेक्षा लहान वाटलं मला. आपल्या देवघराएवढं.

---

वाचनवेडी

…

दुसरं काही लिहवत नाही.

---

मिलवॉकीची_माई

हिमवाट, सुंदर लिहिलंय. एक मात्र पटलं नाही. 'लोकांना धुराची सवय झाली होती' यात दोष लोकांवर जातोय असं वाटतं. गिरणीतल्या मजुराने काय करायचं होतं? नोकरी सोडून जायचं कुठे? जंगलात, जिथे आग आहे? ज्यांना कळत होतं आणि ज्यांच्या हातात होतं असे लोक वेगळे होते.

आमच्या मिलवॉकीचा इन्क्रीज लॅफम. स्वयंशिक्षित शास्त्रज्ञ, हवामानाच्या नोंदी ठेवणारा. विधिमंडळाच्या सांगण्यावरून १८६७ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी अहवाल दिला, विषयच हा की झाडं अशी तोडत राहिलो तर राज्याचं काय होईल. पेश्टिगोच्या चार वर्षं आधी! अहवाल छापला, फडताळात गेला. सरकारी हवामान खातं १८७० मध्ये सुरू झालं त्यामागेही त्याचीच खटपट होती. त्याच्या नावाची टेकडी आहे आमच्या पश्चिमेला, लोक तिथे स्कीइंग करतात.

आणि फ्रान्सेस फेअरचाइल्डबद्दल कोणीच लिहिलं नाही. तार तुटलेली, म्हणून पेश्टिगोची बातमी राजधानी मॅडिसनला पोचायला १० ऑक्टोबर उजाडला. तोपर्यंत राज्यपाल लूशियस फेअरचाइल्ड आणि बडे अधिकारी शिकागोच्या मदतीला निघून गेलेले. घरी त्यांची बायको, वय २४. तिने कोणाची परवानगी न विचारता शिकागोला निघालेला मदतीचा एक रेल्वेडबा उत्तरेकडे वळवला. मग लक्षात आलं की त्यात पांघरुणंच नाहीत. मॅडिसनच्या बायकांना घरातल्या गोधड्या आणायला सांगितल्या आणि डबा भरून रवाना केला. तिकडे रात्री थंडी पडत होती आणि लोकांच्या अंगावर कपडेही उरले नव्हते.

---

हिमवाट

माई, तुमचं बरोबर आहे. मी 'सवय' म्हणताना माझ्याच डोळ्यांसमोर माझं ऑफिस होतं. तिथे धोक्याची घंटा इतक्यांदा खोटी वाजलीय की आता वाजली तरी कोणी खुर्चीतून उठत नाही. पण गिरणीतल्या मजुराला ते लावणं अन्यायच. शब्द मागे घेतो. ऑग्डेनला मात्र सोडत नाही. त्याचं एकाच रात्री शिकागोतही जळालं आणि पेश्टिगोतही. नंतर तो इथे आला, बंदरावरची गिरणी चालू केली. भांड्यांचा कारखाना परत उभा केला नाही.

---

खुसपट

म्हणजे जळालेल्या शिकागोची घरं बांधायला लाकूड लागलं असणार. ते कुठून गेलं?

---

हिमवाट

@खुसपट, तुम्ही धागा वाचत नाही, धागा उसवता. हो, इथूनच. विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या पाइनमधून. आगीनंतर तोड थांबायला हवी होती, ती वाढली. शिखर १८९२ च्या सुमारास : एकट्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षाला चार अब्ज बोर्ड फूट. आपल्या सुताराच्या भाषेत, बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट, म्हणजे ३३ कोटी घनफूट. १९१० पर्यंत बहुतेक गिरण्यांनी गाशा गुंडाळला होता. मागे उरलं ते फक्त बुंध्यांचं रान. कंपन्यांनी तीच जमीन शेतीसाठी म्हणून नव्या लोकांना विकली. वाळू, दगड आणि छोटा उन्हाळा. लोक खंगले, कर थकले, जमिनी काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याकडे) परत आल्या. १९३३ मध्ये तर ओनायडा काउंटीने कायदाच केला की अमुक भागात शेती किंवा वस्ती करायची नाही, जंगलच ठेवायचं. ग्रामीण भागासाठी देशातला तसा पहिला. आज उत्तरेत जे 'आदिम अरण्य' पाहायला आपण शनिवार-रविवारी तंबू घेऊन जातो, ते बरंचसं त्यानंतरचं आहे.

---

बल्लारशाकर

इथे एक धागा भारताकडे जातो. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाला होता. १८६४ मध्ये डिट्रिश ब्रँडिस संपूर्ण हिंदुस्थानच्या जंगलांचा मुख्य झाला. तोच ब्रँडिस निवृत्तीनंतर जर्मनीत असताना गिफर्ड पिंचो नावाचा तरुण अमेरिकन त्याच्याकडे सल्ल्याला गेला. पिंचो पुढे अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख. म्हणजे त्यांच्या वनखात्याच्या घडणीत आपल्या जंगलांवर गिरवलेले धडे आहेत. अर्थात ब्रिटिशांनी आपल्या जंगलांचं आणि आदिवासींचं काय केलं हा वेगळा धागा. तो काढला तर मी इथून उठणार नाही.

मेनॉमिनी लोकांचं पुढे काय झालं?

---

हिमवाट

@बल्लारशाकर, ते राहिलंच होतं. १८५४ च्या तहाने त्यांना मूळ मुलखातला एक तुकडा राखीव मिळाला, आज तो सुमारे २ लाख ३५ हजार एकर आहे. तिथे तेही लाकूड तोडतात, १९०८ पासून नीओपिटला स्वतःची गिरणी आहे. पण ते पिकलेली, आजारी झाडं आधी काढतात आणि जंगल जेवढं वाढेल तेवढंच घेतात. तहापासून आजवर दोन अब्ज बोर्ड फुटांहून जास्त लाकूड काढूनही आज उभं लाकूड तेव्हापेक्षा जास्त आहे. उपग्रहाच्या चित्रात ती राखीव जमीन शेतांच्या मध्ये गडद हिरव्या चौकोनासारखी दिसते, सीमारेषा पट्टीने आखल्यागत. मध्ये १९५४ च्या कायद्याने सरकारने त्यांचा जमात म्हणून दर्जाच काढून घेतला होता. लढून १९७३ मध्ये परत मिळवला.

मी एकदा त्या रस्त्याने गेलोय. शेतं संपतात आणि एकदम सावली येते. गाडीतला पारा दोन-तीन अंशांनी उतरला.

---

फणसगरा

आणि पेश्टिगो आज?

---

हिमवाट

साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती. पुढे कागदाची गिरणी आली, बरीच वर्षं गावाला पोसलं तिने, आता तीही बंद. बंदरावरची वस्ती ओस पडून कधीच गेली.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. शेजारच्या मॅरिनेटमध्ये आग विझवायच्या फेसाच्या चाचण्या वर्षानुवर्षं होत होत्या. त्या फेसातली विघटन न होणारी रसायनं जमिनीत मुरली, आणि पेश्टिगो गावाबाहेरच्या घरांच्या विहिरींत सापडली. २०१७ पासून पुढे तिथल्या कित्येक घरांवर बाटलीचं पाणी प्यायची वेळ आली. आग विझवायचा फेस. पेश्टिगोत.

---

लाकूडतोड्या

बापरे.

मी नोव्हेंबरात शिकागोला येतोय, भाचीकडे. संग्रहालय बघता येईल का?

---

हिमवाट

नाही, ते फक्त उन्हाळी हंगामात उघडं असतं, शेवटचा दिवस ८ ऑक्टोबर. जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, दोन खोल्यांचा पसारा, गावातलेच आजी-आजोबा माहिती सांगतात. आत एक जळून कोळसा झालेलं छोटं बायबल आहे, तेही चुकवू नका, पण ते पुढच्या खेपेला. दफनभूमी मात्र शेजारीच आणि ती कायम उघडी. नोव्हेंबरात आलात तर कळवा, मी ग्रीन बेहून गाडी काढतो. जाड मोजे आणा. पुलावर वारा फार असतो.

---

लाकूडतोड्या

व्यनि केलाय. मोजे किती जाड?